ईरप्पाच्या दगडी टोपल्या

विजापूर रोडला किंवा जुळे सोलापूरला नव्या बंगल्यांच्या ओळीतून कधी चालत गेलात, तर फाटकाच्या खांबांवर बघा. एखाद्या खांबावर सिंह असेल, एखाद्यावर गरुड, आणि उरलेल्या सगळ्यांवर टोपली. सिमेंटची. आत सफरचंदं, द्राक्षं, केळी, आणि मधोमध अननस, शेंडी वर काढून. डाळिंबाच्या ढिगाऱ्यातून वाट काढत बाजार करावा लागतो असलं आमचं गाव, पण एकाही टोपलीत डाळिंब नाही. द्राक्षाचा एकेक मणी लिंबाएवढा. केळं आहे की वाकलेली सळई आहे ते रंग दिल्याशिवाय कळत नाही. आणि रंग दिला तरी दोन उन्हाळ्यांत उडतो, मग सफरचंद भाजलेल्या वांग्यासारखं दिसायला लागतं.

ह्या टोपल्या कुणाच्या, तर माझ्या धाकट्या दिराच्या. ईरप्पा त्याचं नाव. वय सहासष्ट. केस काळे, ते कशानं हे त्याच्या उशीच्या अभ्र्याला विचारा.

आम्ही बुरूड. अक्कलकोटकडं मेदार म्हणतात. मी लग्न होऊन ह्या गल्लीत आले तेव्हा सासरे, सासूबाई, माझे मालक आणि हा ईरप्पा, असे चौघं दारात बसून बांबू फोडायचे. सूप, दुरडी, पाटी, कोंबड्यांचं डालगं, लग्नातल्या टोपल्या. ईरप्पाचं तेव्हा मिसरूड फुटत होतं. त्याला ह्या कामाची लाज. गिऱ्हाईक आलं की कोयता सासऱ्यांकडं सरकवायचा आणि आपण बांबूचा भाव विचारायला आलेला पाव्हणा असल्यासारखा उभा राहायचा. शाळेतला एखादा मित्र गल्लीत दिसला तर आत पळून फळीमागं बसायचा. एकदा बांबूची कामटी तासताना अंगठ्याला कोयता लागला. लागला म्हणजे एवढासाच, हळद दाबली असती तर संध्याकाळी विसरला असता. पण त्यानं त्या अंगठ्याला पंधरा दिवस पट्टी बांधली, आणि सोळाव्या दिवशी गवंड्याच्या हाताखाली निघून गेला. जाताना सासऱ्यांना म्हणाला, भुईवर बसून जन्म काढणारी माणसं तुमी, मला उभं राहून काम करायचं हाय. उभं राहून काय केलं, तर तीन वर्षं घमेली वाहिली.

पुढं कुठून तरी त्याच्या हाती रबरी साचा लागला. साचा म्हणजे असा, की आत सिमेंटचा गिलावा ओतायचा, दुसऱ्या दिवशी रबर सोलून काढायचं, की टोपली तयार. फळं, पानं, दांडा सगळं एकदम. इडली करायला ह्यापेक्षा जास्त डोकं लागतं, पीठ आंबलं का बघावं लागतं. पण ह्या साच्यानं ईरप्पाचं नशीब काढलं. गाव वाढत होतं, मोहोळ-वैरागकडचे लोक सोलापुरात येऊन बंगले बांधत होते, आणि बंगल्याला खांब आले की खांबाला डोकं पाहिजे. ईरप्पा स्कूटरवर टोपली पुढं ठेवून हिंडायचा. टोपली करायची लाज वाटत होती तो माणूस टोपलीवर जगायला लागला, पण त्याला कुणी टोपलीवाला म्हटलेलं चालायचं नाही. त्यानं कार्ड छापून घेतलं, त्यावर नावापुढं ‘शिल्पकार’. आडनाव गाळलं. मी विचारलं होतं, आडनाव कुठं गेलं रं. म्हणाला, कलावंताला एकच नाव पुरतंय वैनी.

कमलम्मा ही त्याची बायको, माझी जाऊ. माहेरची मंद्रूपची. तिचा हात असा, की तिच्या दुरडीत पाणी ओतलं तर विचार करून गळेल. माझ्यापेक्षा ती चांगली विणायची, हे मी तिच्या तोंडावर कधी सांगितलं नाही, इथं लिहिते. ईरप्पानं जुळे सोलापूरला घर बांधल्यावर तिचा कोयता बंद केला. बंगल्यात कामट्यांचा कचरा नको. त्यांच्या वास्तुशांतीला मी घरचं नवं सूप नि दुरडी घेऊन गेले, तर ह्यानं दारातच ती माझ्या हातातून घेतली आणि जिन्याखाली ठेवली. पूजेला प्लास्टिकची दुरडी होती, गुलाबी. भटजींनी काही म्हटलं नाही, त्यांना पुढं अजून दोन घरं करायची होती.

तर असा हा माणूस. आता त्याच्या दगडी टोपल्यांचं सांगते.

मंद्रूपच्या पुढं आमच्या सासरचं मूळ गाव आहे. तिथं गावदेवीचं देऊळ. दर वर्षी जत्रेत देवीच्या नैवेद्याला नवी टोपली लागते आणि ती द्यायचा मान आमच्या घराचा. टोपली नेऊन दिली असं चालत नाही. देवळाच्या पायरीवर घरातल्या वडील सुनेनं बुडापाशी, जिथं आडवी पट्टी सुरू होते तिथं बोट ठेवायचं, आणि बोट न उचलता पट्टीवरून फिरत फिरत काठापर्यंत यायचं. बोट काठाला लागलं की म्हणायचं, ‘बसली’. मग पुजारी टोपली घेतो. वीण कुठं तुटली, पट्टी कुठं सांधली, तर बोटाला कळतं, आणि टोपली परत जाते. माझ्या सासूबाईंनी एका वर्षी स्वतःच्या हातची टोपली परत नेली होती, आणि देवीला दुपारपर्यंत उपाशी ठेवून दुसरी विणून आणली होती. आता वडील सून मी.

त्या देवळाला गावकऱ्यांनी नवी कमान बांधायला काढली. पंचकमिटीचे अध्यक्ष मानसिंगराव, उसाचे बागायतदार, सज्जन माणूस, बोलायला मोठ्ठा आवाज. त्यांच्या मनात आलं की आपल्या देवीची ओळख टोपली, तेव्हा कमानीच्या चार खांबांवर चार टोपल्या पाहिजेत, सिमेंटच्या नाहीत, काळ्या दगडात कोरलेल्या. कोण करील, अशी चौकशी निघाली. ईरप्पाचं कार्ड सगळ्यांच्या खिशात होतंच. तो गेला आणि सांगून आला, चाळीस वर्षं हेच करतोय. दगडात केलंय का, असं कुणी विचारलं नाही. तो आपणहून कशाला सांगेल.

त्याची अट एकच. कमानीवर नाव कोरायचं, ‘शिल्पकार ईरप्पा’. बंगल्याच्या फाटकावर मालकाचं नाव असतं, टोपलीवाल्याचं नसतं. चाळीस वर्षांत सोलापुरात त्याच्या दोन-तीन हजार टोपल्या उभ्या राहिल्या असतील, पण त्याचं नाव कुठंच नाही. ते आता दगडात, देवीच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान वर करून वाचावं असं लागणार होतं. मानसिंगराव म्हणाले, टोपल्या रीतीला बसल्या की नाव कोरू. ईरप्पानं त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगायला सुरुवात केली. नातीकडून फोनवर स्टेटस पण ठेवून घेतलं.

मग एका दुपारी तो गल्लीत आला. बऱ्याच वर्षांनी. स्कूटी कोपऱ्यावर लावली, दारापर्यंत आणली नाही. बसायला खुर्ची मागितली. खुर्ची नव्हती. पाण्याच्या ड्रमवर बसला.

“वैनी, एक टोपली पायजे.”

“प्लास्टिकच्या संपल्या काय रं गावात?”

हसला. म्हणाला नमुन्याला पाहिजे, मंदिराचं काम आहे, देवीची असती तशीच. मी दोन दिवसांत विणून दिली. त्यानं ती उलटी केली, खिशातला पेन काढला आणि उभ्या कामट्या मोजायला लागला. दोनदा मोजल्या.

“पंचवीस हैत. एक जास्त पडली की.”

आता ही पंचविसावी काय भानगड असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बुडाला बारा कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या टाकल्या की टोकं चोवीस होतात. त्यात एक जादाची खोचायची. कारण आडवी पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी जाते. कामट्या जोडीनं असल्या तर पट्टी फिरून आल्यावर परत त्याच कामटीच्या वरूनच जाते. वरची वरच, खालची खालीच. वीण लागतच नाही, पट्टी ढिली पडून निघून येते. एक जादा असली की दुसऱ्या फेरीला आपोआप उलटी पडते, आणि एकच पट्टी चढत चढत काठापर्यंत जाते. आमच्या घरातलं चार वर्षांचं पोरसुद्धा पंचविसावी कामटी विसरत नाही.

हे मी त्याला सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “असू दे वैनी, वयानं व्हतंय. मी दगडात सारखं करून घेतो.”

मी तोंड मिटलं. कुणी म्हणेल, सांगायला पाहिजे होतं. म्हणू दे.

त्यानं घरामागच्या अंगणात दगड आणला आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसला. एवढं मात्र खरं, की त्या पहिल्या टोपलीला तो स्वतः बसला. हाताला फोड आले. कंपासनं गोल आखला, त्याचे चोवीस सारखे भाग केले, रेघा मारल्या आणि दगड काढत गेला. एक ओळ वर-खाली, पुढची ओळ खाली-वर, बुद्धिबळाच्या पटासारखी. नीट आली. दुरून बघितली तर कुणीही टोपलीच म्हणेल. कमलम्मा रोज सकाळी त्या अंगणात तुळशीला पाणी घालायची. तिनं पहिल्याच आठवड्यात कामट्या मोजल्या होत्या. हे तिनं मला पुढं सांगितलं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, मला कुणी विचारलं न्हाई अक्का, आणि त्या घरात टोपलीचं नाव काढायचं न्हाई असं तेनीच सांगितलंया.

टोपली तयार झाली तशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून देवळात नेली. आधी एक बघायची, पसंत पडली की बाकीच्या तीन, असं ठरलं होतं. पंधरा-वीस माणसं जमली होती. ईरप्पा पांढरा शर्ट घालून आलेला. टोपलीवर उपरणं झाकलेलं, ते त्यानं असं काढलं की आत बाळ निजलंय. लोक म्हणाले वा. मानसिंगरावांनी मला हाक मारली.

“आजी, देवीच्या दारात टोपली बसनार म्हंजे रीत व्हायाला पायजे. बोट फिरवा.”

ईरप्पा म्हणाला, “दगडाला काय बोट फिरवायचं, अध्यक्षसाहेब.”

“रीत ती रीत.”

मी बुडाशी बोट ठेवलं. पट्टीवरून निघाले. वर, खाली, वर, खाली. सगळी टोपली फिरून बोट आलं ते जिथून निघालं होतं तिथंच. पुढं वाटच नाही. वरच्या ओळीवर ठेवलं, तीही फिरून आपल्या जागी. त्याच्या वरची, तीही. दहा ओळी, दहा बांगड्या. एकीचा दुसरीशी संबंध नाही. ईरप्पा माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत होतं म्हातारी उगाच वेळ लावतेय.

मी म्हटलं, “बोट चढत न्हाई.”

मानसिंगरावांना कळेना. मी त्यांचं बोट धरून ठेवलं. ते फिरले, परत आले. पुन्हा फिरले. मग प्रत्येकाला करून बघायचं होतं. पागोटी-टोप्या बाजूला ठेवून माणसं त्या दगडाभोवती वाकून बोटं फिरवायला लागली. एक म्हातारा म्हणाला, मळणीच्या बैलागत तितंच फिरतंय की. मग हसणं आवरेना. ईरप्पा सांगत होता की दगडात असंच असतं, ही आर्ट आहे, विणकाम वेगळं आणि शिल्प वेगळं. तोपर्यंत कुणी तरी माझी नैवेद्याची टोपली आतून आणली आणि शेजारी ठेवली, आणि त्यावर बोट चढत चढत काठाला लागलेलं सगळ्यांनी बघितलं. तरी तो बोलला. म्हणाला, वैनींनी नमुनाच चुकीचा दिला.

माझ्याकडं कुणी बघितलं नाही, त्याच्याकडंच बघितलं. मानसिंगरावांनी आवाज थोडा खाली आणला. म्हणाले, पुन्हा करा, चारही करा. वीण बसली तर नाव कोरू. नाहीतर टोपल्या पण नकोत, साधे खांब ठेवू.

म्हणजे नाव गेलं नव्हतं, लटकलं होतं. आणि त्यानं तर जिथं तिथं सांगून ठेवलेलं.

आठ दिवसांनी परत ड्रमवर येऊन बसला. वीण सांगा म्हणाला. मी म्हटलं, सांगून नाही येत, खाली बस आणि एक विणून काढ. त्यानं गल्लीकडं दोन्ही बाजूंना बघितलं. सकाळचे दहा वाजलेले, सगळ्या दारांत बायका कामाला बसलेल्या. शेवटी बसला. मांडी घालता येईना, गुडघे वर घेऊन बसला. मी बूड घालून दिलं, पंचविसावी त्याला खोचायला लावली. पट्टी हातात दिली. आणि खोटं कशाला बोलू, त्याचे हात विसरले नव्हते. पहिली फेरी अडखळली, दुसरी सरळ आली, तिसऱ्या फेरीला त्याचा अंगठा पट्टी दाबायला आपोआप पुढं यायला लागला, सासऱ्यांचा यायचा तसा. मी बघत होते. मला वाटलं, हे गाढव बसलं असतं तर आम्हा सगळ्यांत चांगला बुरूड झालं असतं.

चौथी फेरी चालू होती, तेवढ्यात देवदत्त सर आले. कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त. त्यांच्या बंगल्यावर ईरप्पाच्याच दोन टोपल्या आहेत, अननसवाल्या. भाचीच्या लग्नाला सुपं पाहिजे होती म्हणून आलेले. त्यांनी ईरप्पाला ओळखलं आणि थबकले.

“अहो शिल्पकार, तुम्ही इथं?”

ईरप्पा उठला. गुडघे झटकले. पट्टी हातात तशीच.

“ह्या लोकांना जरा नवीन डिझाइन शिकवतोय सर. कला पुढं न्यायला पायजे कुणी तरी.”

सर माझ्याकडं बघून म्हणाले, छान, छान, शिकून घ्या आजी. मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हणणार. सुपं बांधून दिली. सर कोपऱ्यापर्यंत गेले तसा ईरप्पानं पायात बूट घातले, आणि चार फेऱ्यांची टोपली तिथंच सोडून गेला. त्यानंतर विणायला आला नाही.

महिनाभर काही कळलं नाही. मग एक दिवस दुपारी एक माणूस गल्लीत आला, चाळिशीचा, केसांत दगडाची भुकटी, हातात माझीच टोपली, नमुन्याची. तिप्पण्णा नावाचा पाथरवट, विजापूरकडचा. कानडीत बोलत होता. ही टोपली कुणी विणली, असं दारोदार विचारत आला होता. मी म्हटलं, मी. तर म्हणाला, अव्वा, हिला पंचवीस काठ्या आहेत, मी तीनदा मोजल्या, पण पंचविसावी कशाला हे माझ्या मालकाला सांगता आलं नाही. तुम्ही पंचवीस घातल्यात म्हणजे काही तरी कारण असणार, ते मला सांगा.

मालक कोण, हे मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. म्हणाला, ईरप्पा साहेबांच्या अंगणात पत्रे लावून आत काम चालू आहे, कुणाशी बोलायचं नाही म्हणून ताकीद आहे, म्हणून तुम्हाला तेवढं सांगतो. बिचारा मनानं इतका साधा, की मी कोण हे त्यानं विचारलंच नाही.

तो खाली बसला. बस म्हणायला लागलं नाही. टोपलीवर बोट फिरवलं, काठापर्यंत आला, परत खाली गेला, परत आला. मग म्हणाला, ही मोडू का? मी म्हटलं मोड. काठ उसवला, पट्टी उलट्या बाजूनं सोडत गेला, प्रत्येक फेरीला थांबून बघत, बुडापर्यंत. मग परत विणली. इतकी वाकडी, की कोंबडीनं पण आत बसायला नकार दिला असता. पण वीण बरोबर होती. दोन तास गेले. चहा घेतला, ती वाकडी टोपली काखेत मारली आणि गेला.

टोपल्या तयार झाल्या. चार. देवळात न्यायच्या दिवशी सकाळी सातलाच ईरप्पा माझ्या दारात. ह्या वेळी स्कूटी दारापर्यंत आणली. तिप्पण्णा माझ्याकडं येऊन गेला हे त्याला कळलं होतं, कारण त्या भोळ्यानं परत जाऊन सांगितलं असणारच, की आजींनी चहा दिला. ईरप्पानं तिप्पण्णाला आदल्या दिवशीच गावी लावून दिलं होतं. ड्रमवर बसला नाही, उभाच राहिला.

“वैनी, आता तुमच्या हातात हाय.”

“काय?”

“तुमाला म्हाईत हाय काय ते.”

मी म्हटलं, “टोपलीचं विचारतील तेवढं सांगीन.”

हे त्याला पुरेसं वाटलं नाही. पण मी सुपात ज्वारी पाखडायला घेतली, मग भुसा शर्टावर उडायला लागल्यावर गेला.

देवळाजवळ ह्या वेळी दुप्पट माणसं. क्रेन आणून ठेवलेली. चार टोपल्या जमिनीवर ओळीत. फळं नाहीत, अननस नाही. रिकाम्या टोपल्या, नैवेद्याची वाट बघत असल्यासारख्या. काळा दगड, पण बांबूची चमक असते ना सालीची, ती तिप्पण्णानं कशी आणली होती कोण जाणे. काठाच्या दोन पेडांची गाठ पण होती, आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं.

मानसिंगराव म्हणाले, “चला आजी.”

ईरप्पा त्यांच्या शेजारी उभा होता, नेहरू शर्ट, कपाळाला गंध. काळ्या केसांतून घाम येत होता. मी पहिल्या टोपलीच्या बुडाला बोट ठेवलं. फिरले. एक फेरी झाली आणि बोट एक पायरी वर होतं. दुसरी झाली, अजून वर. अकराव्या फेरीला काठाला लागलं. दुसरी टोपली. तिसरी. तिसरीत एका जागी छिन्नी जरा खोल गेली होती, ते घासून सारखं केलं होतं, बोटाला कळलं, पण वीण तुटली नव्हती. चौथी. प्रत्येकीला माझ्या तोंडून एक शब्द पाहिजे होता. तो शब्द खरा होता. टोपली कुणी कोरली असं देवीच्या रीतीत कधीच विचारत नाहीत, आणि त्या दिवशी मानसिंगरावांनी पण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे ईरप्पाला ठाऊक होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, मळणीच्या खळ्यावर चिमणी दाण्याकडं बघते तसा.

मी चार वेळा म्हटलं, बसली.

हलगी वाजली. क्रेननं टोपल्या वर गेल्या. डाव्या खांबावर आधीच अक्षरं आखून ठेवलेली होती, ती जत्रेपर्यंत कोरून झाली. ‘शिल्पकार ईरप्पा’. आडनाव नाही.

जत्रेत त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. मी आणि कमलम्मा बायकांत पुढंच बसलो होतो. मानसिंगरावांनी त्याला दोन शब्द बोला म्हटलं. त्यानं माइक घट्ट धरला, आणि पुढं अर्ध्या तासात जे बोलला त्यातलं एक वाक्य मी जन्मात विसरणार नाही. म्हणाला, “मला ही कला कुणी शिकवली न्हाई. आमचं घराणंच टोपल्यांचं. माझ्या वडिलांच्या मांडीवर बसून मी हे शिकलो. रक्तातच हाय.”

टाळ्या पडल्या. ज्या मांडीवरून तो फळीमागं पळत होता, ती मांडी माइकवर आली. घराणं जिन्याखालून वर आलं, शाल अंगावर घेऊन. आणि हे कशाच्या जोरावर, तर विजापूरकडच्या एका माणसाच्या हातावर, ज्याला टोपल्या देवळात न्यायच्या आदल्या दिवशीच एसटीत बसवून दिला होता. मला हसू पण आलं नाही. पदरानं तोंड पुसलं नि बसून राहिले.

कमलम्मा मात्र हसत होती. पदर तोंडात कोंबून, खांदे हलेपर्यंत. मी म्हटलं, अगं गप, लोक बघतात. तिनं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी लागली.

“अक्का, उद्या सकाळी येते मी. बांबू ओला करून ठेवा.”

“आणि तो?”

“त्यो काय बोलंल? हज्जार मान्सांम्होरं बोल्लाय न्हवं, घराणं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. आता रोज येते, सिटी बसनं, नऊला. पहिले पंधरा दिवस हात बसत नव्हता, पट्ट्या जाड निघत होत्या, कोयता लागून दोन बोटं कापून घेतली. पट्टी बांधली आणि कामाला बसली. ईरप्पा एकदा तिला न्यायला आला होता. स्कूटी कोपऱ्यावरच लावली, आणि तिथून हॉर्न वाजवत होता. काठ गुंफायचा राहिला होता तिचा, ती उठली नाही. वीसेक मिनिटं वाजवून गेला.